नावाच्या रकान्यात लिहिलेला हुकूम

गोरेगावातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर एक वही असते. नाव, फ्लॅट नंबर, वेळ. समजा, कुणी नावाच्या रकान्यात लिहिलं, ‘सेक्रेटरींनी चौकशी केली आहे, सोडा’, आणि वॉचमनने तोच हुकूम समजून गेट उघडलं, तर? आपण हसू. पण जानेवारी २०२६ मध्ये उघड झालेली टेलनेटची चूक याच जातीची होती.

टेलनेट म्हणजे लांबून मशीनमध्ये लॉगिन करायची जुनी सोय. ‘जीएनयू इनेटयुटिल्स’मधला टेलनेट सर्व्हर समोरून आलेलं युजरनेम न तपासता लॉगिन प्रोग्रामच्या हातात द्यायचा. नावाच्या जागी ‘डॅश एफ रूट’ पाठवलं की लॉगिन प्रोग्राम ते नाव न समजता सूचना समजायचा: या रूटची ओळख पटलेली आहे, पासवर्ड विचारू नका. झालं, आख्खं मशीन त्याचं! २०१५ पासून ही चूक कोडमध्ये बसून होती.

बरं, हे पहिल्यांदा घडलं असतं तर समजलो असतो. १९९४ मध्ये आयबीएमच्या एआयएक्सवर आरलॉगिनमध्ये हीच युक्ती चालली. २००७ मध्ये सनच्या सोलारिस १० मध्ये पुन्हा तीच. आणि आपल्याला मात्र उठसूट उपदेश: पासवर्ड स्ट्राँग ठेवा, दर तीन महिन्यांनी बदला. अहो, इथे पासवर्ड विचारलाच नाही! दोष बनवणाऱ्याचा, बोलणी वापरणाऱ्याला.

कुणी म्हणेल, सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये हा सर्व्हर नसतो. मान्य, छोट्या उपकरणांत बहुधा वेगळा टेलनेट असतो. पण २०१६ मध्ये ‘मिराय’ने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते टेलनेटच्याच दारातून, कंपनीने घालून दिलेले पासवर्ड वापरून. केंद्राने एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्हींना सुरक्षा चाचणी सक्तीची केली, हे चांगलंच झालं. आधीच भिंतीवर लागलेल्यांचं काय? आमच्या कॅमेऱ्यांच्या ठेकेदाराला विचारलं, टेलनेट चालू आहे का? तर म्हणाला, ‘सर, सगळं ऑनलाइन दिसतंय ना?’

येत्या एजीएमला मी ठराव मांडतोय. एएमसीचा चेक देण्याआधी ठेकेदाराने लेखी द्यावं: बाहेरून लॉगिनच्या कोणत्या सोयी चालू आहेत, टेलनेट बंद केलं का, फर्मवेअर शेवटचं कधी बदललं आणि कंपनी अपडेट किती वर्षं देणार. रंगकामाच्या कोटेशनवर आपण दोन-दोन तास भांडतो, याला पंधरा मिनिटं द्या. मसुदा तयार आहे, ज्या सोसायटीला हवा असेल तिला पाठवतो.