बोलावणे आणि गोष्ट

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. गोष्टीने माणूस बदलतो, ही आमची व्यवसायश्रद्धा. इंग्लंडमधील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमाने या श्रद्धेला दिलेला धक्का येथे नोंदवावासा वाटतो.

हा कार्यक्रम २००६ साली सुरू झाला. ठरावीक वयाच्या प्रत्येकाला, लक्षणे नसतानाही, दर दोन वर्षांनी टपालाने संच पाठवायचा. त्याने घरीच शौचाचा नमुना घेऊन परत धाडायचा. त्यात रक्ताचा अंश आढळल्यास दुर्बिणीने आतडे तपासायचे. खर्च शासनाचा. तरीही सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांनी संच परत केले नाहीत. आणि वस्ती जितकी गरीब, तितका प्रतिसाद कमी.

ही दरी बुजवण्यासाठी जेन वॉर्डल व सहकाऱ्यांनी काही लाख लोकांवर चार उपाय पारखले. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तपासणी केलेल्यांच्या कहाण्या सांगणारी पत्रिका निष्प्रभ ठरली. सोप्या भाषेतील सारांशही. कुटुंबाच्या डॉक्टरांचा पाठिंबा पत्रात नमूद केल्यावर प्रतिसाद सर्वत्र किंचित वाढला, पण दरी तशीच राहिली. ती थोडीशी का होईना, कमी केली स्मरणपत्रातील ठळक पट्टीने आणि पुन्हा दिलेल्या एका छोट्या निरोपाने!

पुढे २०१९ साली चाचणीच बदलली. जुन्या पद्धतीत तीन वेगवेगळ्या वेळचे नमुने लागत. नव्या 'फिट' चाचणीत एकच पुरतो. या बदलाच्या आधीच्या प्रायोगिक टप्प्यात प्रतिसाद सुमारे ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेला होता.

यातून आम्ही काय घ्यावे? लोक अडाणी म्हणून येत नाहीत, हे आपले आवडते निदान आहे. कारण त्यात प्रबोधनकाराची खुर्ची आपल्याला मिळते. प्रत्यक्षात संकोच, कंटाळा, दगदग यांपुढे उपदेश दुबळा पडतो. म्हणून सुधारणा व्हायची तर आधी वाट सोपी करावी, आणि न आलेल्याला न रागावता पुन्हा हाक द्यावी. संघटित तपासणीतला 'संघटित' हा शब्द त्याचसाठी आहे. आठवण ठेवण्याचा भार तेथे व्यक्तीवर नसून व्यवस्थेवर असतो.

मात्र बोलावणे हे वचनही असते. रक्ताचा अंश किती आढळला म्हणजे दुर्बीण लावायची, ही मर्यादा इंग्लंडने २०१९ मध्ये १२० मायक्रोग्रॅम ठेवली. स्कॉटलंडने २०१७ मध्येच ८०. मर्यादा खाली आणली तर रोग अधिक सापडतो, पण दुर्बिणीने तपासणारे हातही अधिक लागतात. ते नसतील तर नुसती पत्रे वाढवणे ही फसवणूक होय.

गोष्टीवरचा आमचा विश्वास उडालेला नाही. पण गोष्टीने जे साधले नाही ते दुसऱ्यांदा आलेल्या साध्या पत्राने थोडेतरी साधले, हे शब्दांवर जगणाऱ्यांनी नम्रपणे मान्य करायला हवे.