'एवढी' नव्हे, 'अशी'

१८५२ साली रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांत योहानाच्या शुभवर्तमानातलं एक वचन मुलांना सगळ्यात आधी पाठ होतं: तिसरा अध्याय, सोळावी ओवी. देवाने जगावर 'एवढी प्रीती' केली, ते वचन. माझं भांडण त्यातल्या 'एवढी'शी आहे.

इंग्रजीत तिथे 'सो' आहे. आजच्या कानाला 'सो' म्हणजे 'खूप', म्हणून 'एवढी' बिनचूक वाटतं. पण १६११च्या किंग जेम्स भाषांतराच्या काळात 'सो' म्हणजे 'अशा रीतीने' हा अर्थ चांगला जिवंत होता. मूळ ग्रीक शब्द 'हूतोस'. त्याचा नेहमीचा अर्थ 'असे'. लॅटिनने तिथे 'सिक' घातलं, ल्यूथरने 'आल्झो'. दोन्ही 'असे'च. लांब कशाला, दोनच ओव्या वर मोशेने रानात उंच केलेल्या सापाचा दाखला आहे. तिथेही हूतोसच. तिथे आपण मुकाट 'तसे' म्हणतो आणि खाली उतरताच मापट्याला हात घालतो.

यावर जाणकार म्हणतील, पुढे 'की' येतो, परिणाम येतो, म्हणजे प्रमाणाचा अर्थही लागतो. लागतो, नाकारत नाही. पण मग मराठीकडे बघा ना! २०१९च्या ऑगस्टमध्ये असा पाऊस लागला की पंचगंगा पात्र सोडून वस्तीत शिरली. या 'असा'त पावसाची तऱ्हाही आली आणि मापही. इंग्रजीत 'सो' झिजला, ही त्यांची अडचण. आपला 'असा' शाबूत असताना ती आपण का ओढवून घेतली?

आणि हा नुसता व्याकरणाचा कीस नाही. मराठी घरात 'तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य कधी ऐकू येतं? वसुलीच्या वेळी. लहानपणी एक उपदेशक हे वचन वाचून थांबायचे आणि विचारायचे, 'त्याने एवढं केलं, तुम्ही काय केलंत?' शेजारी बसलेली माझी आजी मान खाली घालायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या त्या बाईला देवसुद्धा सावकारासारखाच भेटला. 'अशी' म्हटलं असतं तर तिची नजर देवाने काय केलं तिकडे गेली असती, आपल्या बाकीकडे नव्हे.

'पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालंय, आता हात लावू नका' हे मला सांगू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या, ते १९२४ साली निघालं. पाठांतराचा मान राखायचा तर त्या बसल्याच नसत्या. पुढच्या आवृत्तीत 'अशी' छापा. 'एवढी' हवीच असेल तर तळटीपेत जागा आहे.