नवे विद्यार्थी आणि कोरडा नाला

सुक्कोथचा सण आटोपला की येथील विद्यापीठांचे नवे वर्ष सुरू होते, आणि नवागत विद्यार्थ्यांना परिसराची ओळख व्हावी म्हणून वाटाड्यासह पायी सहली निघतात. आपल्या घरांतील मुलेमुलीही त्यांत जाऊ इच्छितात. "अभ्यास सोडून दऱ्याखोऱ्यांत भटकण्याचे काय कारण?" असा प्रश्न वडीलधारी मंडळी करतात. त्यांची काळजी आम्ही अनाठायी म्हणत नाही. परंतु ही सहलही शिक्षणच आहे, असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल बीरशेवाच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर असलेले बेन-गुरियन विद्यापीठाचे स्दे बोकर येथील आवार घ्या. आवारालगतच दाविद बेन-गुरियन आणि पोला यांच्या कबरी आहेत. तेथून पुढे जमीन एकाएकी तुटते आणि खाली त्सिनचे खोरे पसरते. खोऱ्यात उतरले की ऐन अवदातची घळ लागते. पांढुरक्या कड्यांच्या मध्ये झऱ्याचे पाणी, काठी पॉप्लरची झाडे आणि कड्यांवर निर्भयपणे चढणारे रानबोकड पाहून वाळवंट म्हणजे ओसाडी ही समजूत गळून पडते. मल्लुआख नावाच्या झुडपाचे पान चाखावे तर ते खारट लागते. जमिनीतील क्षार हे झुडूप आपल्या पानांत साठविते.

परंतु वाटाड्याकडून शिकावयाचा मुख्य धडा पाण्याचा आहे. आपण कोकणची माणसे. अलिबागेस वर्षाकाठी २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो येण्यापूर्वी आभाळ भरून वर्दी देतो. स्दे बोकरला वर्षाचा पाऊस सुमारे १०० मिलिमीटर. एवढ्याशा पावसाचे भय ते काय, असे वाटेल. मात्र येथील लोएस नावाच्या मातीचा वरचा थर पहिल्या सरींनी घट्ट बसतो. पाणी मुरत नाही, उघड्या उतारांवरून थेट नाल्यात धावते. पाऊस दूर डोंगरावर पडतो, आणि येथे डोक्यावर ऊन असताना कोरड्या नाल्यास लोंढा येतो. आपले कोकणातील अनुभवाचे शहाणपण येथे पुरे पडत नाही.

हेच पाणी ओळखून प्राचीन काळी अवदातच्या रहिवाशांनी बांध घालून शेती केली. वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. मायकेल एव्हनारी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या पद्धतीचे शेत तेथे पुन्हा उभे करण्यास आरंभ केला. ज्यास या भूमीचे पाणी कळले त्याला तिने पोसले आहे.

ज्यास कळले नाही त्याचे काय होते, हेही विसरता येत नाही. २६ एप्रिल २०१८ रोजी मृत समुद्राच्या दक्षिणेकडील त्साफित नाल्यात पुराने दहा तरुण जीव नेले. पुराचे इशारे आधीच दिलेले होते, आणि ती सहलही रीतसर आखलेली होती. तेव्हा सोबत वाटाड्या आहे, एवढ्यावर आईबापांनी समाधान मानू नये.

म्हणून मुलांना अडवू नका. मात्र निघण्यापूर्वी चार गोष्टी अवश्य विचारा. हवामानाचा त्या दिवसाचा अंदाज पाहिला काय? इशारा आल्यास सहल रद्द करण्याचा अधिकार कोणास आहे? वाट खुणांची आहे काय, म्हणजे दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये रंगीत पट्टी असलेली? आणि प्रत्येकाजवळ निदान तीन लिटर पाणी व टोपी आहे काय? समाधानकारक उत्तरे मिळाली तर आनंदाने पाठवा. न मिळाली, तर मुलानेच "आज मी येत नाही" असे चारचौघांत म्हणण्याचे धैर्य दाखवावे. नव्या मित्रांत हे सोपे नाही. म्हणून त्याला ते घरीच शिकवून ठेवणे हे आपले काम आहे.