अंधारातल्या रुळांवर एकदा दिवा लावा

जयपूरच्या आदर्श नगरात दसरा मैदानावर दरवर्षी शंभर फुटांहून उंच रावण उभा राहतो. तो बांधायला मथुरेहून मुस्लिम कारागीर येतात, पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. हे काम आडोशाला होत नाही. बांबू तासणं, कामट्यांचा सांगाडा बांधणं, त्यावर कागद चढवणं, सगळं उघड्यावर. रावणाच्या पोटात फक्त कामट्या आणि दारू आहे हे आजूबाजूच्या पोरांना तोंडपाठ असतं. तरी दसऱ्याच्या संध्याकाळी तो पेटला की तीच पोरं बापाच्या मानेला घट्ट मिठी मारतात. आधी सांगाडा पाहिला म्हणून मजा गेली, अशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे भीतीचा मोठा कारखाना खोपोलीजवळ आहे. २०१३ साली सुरू झालेल्या ‘इमॅजिका’ या करमणूक उद्यानात दोन रोलर कोस्टर अगदी उलट स्वभावाच्या आहेत. ‘नायट्रो’ मोकळ्या आभाळाखाली, १३२ फूट उंच, पाच वेळा माणसाला उलटंपालटं करणारी. तिचे रूळ, खांब, वळणं सगळं दुरूनही दिसतं आणि रांगेत उभं असतानाच पोटात गोळा येतो. ‘डीप स्पेस’ मात्र इमारतीच्या आत, अंधारात. तिथे बसणाऱ्याला पुढचं वळण डावीकडे आहे की उजवीकडे, हे शरीर फेकलं गेल्यावरच कळतं. बाहेर आल्यावर ‘काय होतं आत?’ असं विचारलं तर बहुतेकांना धड उत्तर देता येत नाही.

ते उत्तर देता यायला हवं. अंधारातल्या कोस्टरचे रूळ हा अभियांत्रिकीचा फार देखणा तुकडा आहे आणि तो पैसे मोजून आत जाणाऱ्यालाच दिसू नये, हे खटकणारं आहे.

बाहेरच्या कोस्टरला जागा मुबलक असते. तिचे रूळ दोरी सोडल्यासारखे लांब पसरता येतात. आतल्या कोस्टरला चार भिंती आणि एक छत मिळतं, त्यामुळे तिचे रूळ जिलबीसारखे स्वतःभोवतीच फिरतात. एका वळणाखालून दुसरं जातं, दुसऱ्याच्या पोटातून तिसऱ्याचा खांब वर येतो. १५ जानेवारी १९७५ रोजी सुरू झालेल्या, फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘स्पेस माउंटन’मध्ये एकाच घुमटात दोन मार्ग एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तसे गुंफलेले आहेत. गंमत म्हणजे तिचा सर्वाधिक वेग ताशी ४३ किलोमीटरच्या आसपास. एवढ्या वेगाने तर रिकाम्या रस्त्यावर रिक्षासुद्धा जाते. तरी लोक किंचाळत बाहेर येतात.

यामागचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. वळणावर अंगावर येणारा दाब वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागून निघतो. ताशी १०० किलोमीटरच्या गाडीला ५० मीटर त्रिज्येचं वळण दिलं काय आणि ताशी ४० किलोमीटरच्या गाडीला ८ मीटरचं दिलं काय, शरीराला दोन्हीकडे जवळपास सारखाच, वजनाच्या दीडपट रेटा बसतो. उंचीचंही तसंच. घर्षण सोडून दिलं तर ताशी १०० किलोमीटर मिळवायला ४० मीटरचा कडा लागतो, ताशी ४० साठी सव्वासहा मीटर, म्हणजे जेमतेम दोन मजले पुरतात. म्हणून भयाची तीच चव एका गोदामाएवढ्या जागेत बसवता येते. उरलेली कसर अंधार भरून काढतो. डोळ्यांना जवळचा खांब, दूरची भिंत काही दिसत नसल्याने मेंदू वेगाचा अंदाज सगळा कानातल्या तोलावर सोडतो, आणि तो अंदाज बहुधा वाढवूनच येतो.

पण अंधाराची एक किंमत असते. दिसणाऱ्या वळणाआधी मान आपोआप सावरते, न दिसणाऱ्या वळणाला ती तशीच आपटते. अमेरिकेत १९९६ मध्ये दोन उद्यानांत ‘फ्लाइट ऑफ फिअर’ या बंद इमारतीतल्या कोस्टर सुरू झाल्या. चढावर साखळीने ओढत नेण्याऐवजी चुंबकीय मोटरने गाडी थेट फेकणाऱ्या या पहिल्या कोस्टर. ही मोटर समजायला सोपी आहे: पंख्याची गोल मोटर मधून चिरून रुळालगत सरळ अंथरली की जी शक्ती पातं फिरवते तीच गाडी पुढे ढकलते. थांब्यापासून चार सेकंदांत ताशी ८७ किलोमीटर. लोक खूश झाले, पण खांद्यावरून येणाऱ्या दांड्यांवर डोकी आदळू लागली. २००१ मध्ये ते दांडे काढून फक्त मांडीवरची पकड ठेवली गेली. रूळ तेच राहिले, बसण्याची तऱ्हा बदलली आणि त्रास कमी झाला.

खोपोलीला अशा बंदिस्त कोस्टरचा आणखी एक फायदा आहे, तो पावसाचा. बोरघाटाच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर काय कोसळतं, ते मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्याला सांगायला नको. वीज कडाडली की उघड्यावरची गाडी थांबवावी लागते. ओले रूळ आणि ओले ब्रेक यांचं गणितही कोरड्यापेक्षा वेगळं असतं. छताखालच्या गाडीला वारा नाही, पाऊस नाही, भर दुपारी तापणारं लोखंड नाही. ती सकाळी जशी धावते तशीच संध्याकाळी धावते.

मग हे सगळं झाकून का ठेवायचं? उद्यानवाल्यांचं नेहमीचं उत्तर असं की गुपित फुटलं तर जादू जाते. पण डिस्नेनेच १९७५ पासून ‘पीपलमूव्हर’ नावाची संथ गाडी थेट स्पेस माउंटनच्या पोटातून नेली आहे. कोस्टर बिघडून आतले दिवे लागले असतील त्या दिवशी तिच्यातल्या लोकांना सगळा सांगाडा दिसतो, आणि तो दिसला की आपलं नशीब उघडलं म्हणून फोटो काढले जातात. पन्नास वर्षांत जादू काही गेली नाही.

दिव्याचा आग्रह कौतुकापुरता नाही. कॅनडात वेस्ट एडमंटन मॉलमध्ये छताखाली तीन लूपची ‘माइंडबेंडर’ धावत असे, १४५ फूट उंच. १४ जून १९८६ रोजी तिच्या शेवटच्या डब्याच्या चाकांचा संच सुटला. गाडीचा वेग तुटला, तिसरा लूप पुरा न होता ती मागे घसरली आणि तो डबा काँक्रीटच्या खांबावर आदळला. तिघांचा जीव गेला. तपासात चाकांच्या जोडणीतले बोल्टच जागेवर नसल्याचं निघालं. रोलर कोस्टरच्या प्रत्येक डब्याला रुळावर, रुळाच्या बाजूला आणि रुळाखाली अशी तीन तऱ्हेची चाकं असतात. गाडी उलटी झाली तरी पडत नाही ती या तिसऱ्या चाकांच्या पकडीमुळे. एवढा मोठा डोलारा शेवटी मूठभर बोल्टांवर उभा असतो. बंदिस्त जागेत खांब आणि भिंती अगदी हाताच्या अंतरावर, त्यामुळे चुकीला जागाच उरत नाही.

आपल्याकडच्या आठवणी ताज्या आहेत. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठचा झोका मधूनच तुटला आणि दोघे दगावले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि २७ जणांचा बळी गेला. राजकोटला कोस्टर नव्हती, पण होती ती बंदिस्त जागा आणि बाहेर पडायच्या वाटेची वानवा. आत गेलेल्याला दार कुठे आहे हे माहीत नसेल, तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी काय उपयोग?

लोकलच्या सिग्नलसारखीच व्यवस्था या कोस्टरमध्ये असते, आणि ती प्रत्येक प्रवाशाला कळू शकते. मार्गाचे तुकडे पाडलेले असतात, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा नसेल तर मागची गाडी ब्रेकवर थांबते. बरेचसे ब्रेक चुंबकांचे असतात. डब्याखालची धातूची पट्टी चुंबकांच्या फटीतून सरकली की तिच्यातच वीज निर्माण होते आणि तीच तिला मागे खेचते. बाहेरची वीज गेली तरी हा ब्रेक चालतो. मुंबईकराला ‘पुढे लाल सिग्नल आहे’ एवढं सांगितलं तरी पुरतं. पण वाटेत मध्येच थांबलेल्या गाडीतल्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि तो अंधारात घाबरून पकडीतून बाहेर पडायची धडपड करू लागला तर खरा धोका तिथून सुरू होतो.

म्हणून मागणी फार मोठी नाही. रांगेच्या शेवटाला मराठीत एक फलक असावा: आज सकाळी कोणते बोल्ट, कोणती चाकं, कोणते ब्रेक तपासले, किती वाजता, सही कुणाची. उत्तर विचारल्यावरच देण्यापेक्षा ते भिंतीवर लावून ठेवणं सोपं असतं. दुसरं, आत जाण्याआधी एका काचेतून उजेडातला मार्ग आणि सुटकेच्या पायवाटा दिसाव्यात. शाळांच्या सहली अशा उद्यानांत बसगणिक येतात. त्या पोरांना पन्हाळा-रायगडाच्या तटबंदीचं बांधकाम समजावतो तसं चुंबकाचा ब्रेक समजावायला हरकत काय?

हे दाखवायची वेळ उद्यानांच्या दिनक्रमात आधीपासूनच असते. पहिला प्रवासी येण्याआधी गाडी रिकामी फिरवून पाहिली जाते, तंत्रज्ञ रुळालगत चालत जातात, आणि त्या वेळी आत दिवे लागलेले असतात. काचेमागे एक वर्ग उभा राहील एवढी जागा ठेवली, तर सकाळच्या पहिल्या बसमधल्या पोरांना ती फेरी फुकटात पाहता येईल.