नळीवरची वेळ

गेल्या अंकातील मधुमेहावरच्या लेखानंतर दोघीतिघींचे फोन आले. एका बाईंनी विचारले, "रक्त घेतल्यावर सिस्टर घड्याळात बघून ट्यूबवर वेळ लिहिते, ती कशाला? रक्त ते रक्त!" प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायचे तर आम्हाला आमच्या भाचीची जिनिव्हाची गोष्ट सांगावी लागेल. तिची परवानगी घेतली आहे.

२०११ साली ती पीएच.डी. करत होती. विषय प्रोटिओमिक्स. शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्हालाही काही कळले नव्हते. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जीन्स तीच असतात. तरी डोळ्याची पेशी वेगळी आणि यकृताची वेगळी, कारण कुठे कोणती प्रोटीन्स किती बनतात ते निराळे. जीन्स म्हणजे आजीची पाककृतींची वही समजा, आणि प्रोटीन्स म्हणजे आज चुलीवर खरोखर काय शिजले ते. माणसाच्या वहीत अशा सुमारे २०,००० कृती आहेत. चुलीवर काय आहे ते मोजायचे शास्त्र म्हणजे प्रोटिओमिक्स.

मधुमेहाने मूत्रपिंड बिघडू लागल्याचे लवकर सांगेल असे एखादे प्रोटीन भाची रक्तात शोधत होती. काम किचकट. रक्तातल्या प्रोटीनपैकी अर्ध्याहून जास्त तर एकटे अल्ब्युमिन असते, आणि हवे असते ते त्याच्या कोट्यवधी पटींनी कमी. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना एकाची कुजबुज ऐकायची, तसे. तरी तिला तीन प्रोटीन्स सापडली. रुग्णांत जास्त, निरोगी माणसांत कमी. त्यावरचे तिचे पोस्टर ह्यूपो या संस्थेच्या दहाव्या जागतिक परिषदेत घेतले गेले. पोस्टरची गुंडाळी काखेत मारून बाई विमानात बसल्या.

जिनिव्हा हे या शास्त्राचे एक माहेरघरच. प्रोटीन्सची मोठी नोंदवही, स्विस-प्रॉट, तिथेच १९८६ साली आमोस बैरोक यांनी सुरू केली, आणि तीही विद्यार्थी असताना. भाची ती नोंदवही रोज उघडायची. पहिल्या दिवशी तिचा फोन आला तो नुसता आनंदाचा.

दुसऱ्या दिवशी ती पोस्टरजवळ उभी राहिली. माणसे येत, बघत, पुढे जात. मग एक वयस्क बाई आल्या, चष्मा वर करून सगळे वाचले आणि एवढेच विचारले, "रक्त घेतल्यापासून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवेपर्यंत किती वेळ गेला? रुग्णांचा आणि निरोगी माणसांचा सारखाच?"

भाचीला उत्तर ठाऊक नव्हते. तिने तसे सांगितले. बाई म्हणाल्या, "तुमच्या तिनातली दोन प्रोटीन्स तांबड्या पेशींच्या पोटातली आहेत. ट्यूब पडून राहिली की पेशी फुटतात."

रात्री फोनवर ती रडत होती. "मावशी, दोन वर्षं वाया गेली गं."

आम्ही म्हणालो, "आधी वॉर्डातली वही बघ. सिस्टरने वेळ लिहिली असेल."

ही चूक तिची एकटीची नव्हे. २००२ साली लॅन्सेटमध्ये रक्तावरून अंडाशयाचा कर्करोग ओळखण्याची पद्धत आली होती, फार गाजली. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तो फरक रोगाचा नसून नमुने आणि यंत्र हाताळण्यातला असावा असे दिसले. म्हणूनच ह्यूपोच्या लोकांनी रक्तातल्या प्रोटीन्सच्या अभ्यासासाठी ईडीटीएची ट्यूब, म्हणजे आपली जांभळ्या झाकणाची, वापरा असे सुचवले होते.

परत आल्यावर भाचीने वह्या काढल्या. निरोगी माणसांचे रक्त प्रयोगशाळेच्या शेजारच्याच खोलीत घेतलेले, अर्ध्या तासात फिरवलेले. रुग्णांच्या ट्यूब वॉर्डात शिपायाची वाट बघत तीन-चार तास पडलेल्या. काहींवर तर वेळच नव्हती. तिने सगळे रक्त नव्याने घेतले, सर्वांना एकच वेळ, एकच पद्धत. दोन प्रोटीन्स नाहीशी झाली. तिसरे टिकले, पण फरक पहिल्यापेक्षा बराच कमी. पदवी वर्षभर लांबली. आज तिच्या हाताखाली विद्यार्थी आहेत, आणि नवीन मुलाला ती आधी वॉर्डात पाठवते, यंत्राजवळ नंतर.

फोनवर आम्ही मोठ्या तोऱ्यात "वही बघ" म्हणालो खरे, पण फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. तीस वर्षांच्या नोकरीत रात्रपाळीला, चार घंट्या एकदम वाजत असताना, आम्ही स्वतः किती ट्यूबवर अंदाजाने वेळ टाकली असेल? त्या आकड्यावर कुणाची दोन वर्षे उभी असतील, हे कधी मनातही आले नव्हते.

तेव्हा फोन करणाऱ्या बाईंना सांगणे एवढेच. सिस्टर घड्याळात बघत असेल तर तिला घाई करू नका. शेवटचे कधी जेवलात, कोणती गोळी घेतलीत, ते खरे सांगा. मूठ सारखी उघड-मीट करू नका, त्याने पोटॅशियम उगाच जास्त दिसते. आणि ट्यूबवर तुमचे नाव आणि वेळ बरोबर आहे ना, ते स्वतः वाचून मगच उठा.