मागे बसणाऱ्याचं काय?

टँडेम माउंटन बाइक म्हणजे सरळ डबलसीट, फक्त मागच्यालाही पेडल मारावं लागतं. पुढचा कॅप्टन, मागचा स्टोकर. कॅप्टनला दगड दिसतो, तो वेळेत सीटवरून उठतो. स्टोकरला दिसते कॅप्टनची पाठ! शिवाय तो बसतो जवळजवळ मागच्या चाकावरच. म्हणजे मागचं सस्पेन्शन हे त्याचं (आमच्याकडे तिचं) सस्पेन्शन. आणि नेमकं तेच बरेच जण एकट्याच्या सायकलवरून उचलून चिकटवतात. पुढची फ्रेम लांब केली, मागचा त्रिकोण तोच, झालं काम. याला आमच्या धंद्यात कॉपी-पेस्ट म्हणतात.

आता गणित बघा. जोर लावला की वजन मागे सरकतं आणि सायकलचं बूड दबतं. किती, ते गुरुत्वमध्याची उंची भागिले दोन चाकांतलं अंतर यावर ठरतं. एकट्याच्या सायकलला हे अंतर साधारण १.२ मीटर, टँडेमला १.७५ च्या आसपास. उंची जवळपास तीच. म्हणजे वजनाच्या मानाने टँडेम मुळातच कमी दबते. मग पिव्हट जुन्याच जागी ठेवला, तर तिथे १०० टक्के असलेला अँटी-स्क्वॉट इथे १४५ च्या घरात जातो. चढावर दोघांनी जोर लावला की मागचं सस्पेन्शन ताठ होतं, आणि मुळांवरून जाताना सगळा दणका स्टोकरच्या कमरेत.

शॉकचीही तीच रड. ३:१ लिव्हरेज म्हणजे चाकावरचा भार शॉकवर तिप्पट. माणसं दोन, म्हणून पंपाने हवा भरत बसायचं, अगदी शॉकच्या मर्यादेपर्यंत. लांब स्ट्रोकचा शॉक आणि २:१ च्या जवळचा रेशो घ्या ना! बरं, हवेने स्प्रिंग कडक होते, डॅम्पिंग नाही. वजन दुप्पट, स्प्रिंग दुप्पट, तर डॅम्पिंगही दुप्पट लागतं (वर्गमुळात दोन्ही गुणले जातात, करून बघा). रिबाउंडचा नॉब पूर्ण फिरवला तरी तेवढं मिळेलच असं नाही. मग प्रत्येक खड्ड्यानंतर सायकल मागून लाथ मारते.

"स्टोकरला सस्पेन्शन सीटपोस्ट द्या की!" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय... अहो, तो फक्त बसल्यावर चालतो. पायांना आणि चाकाच्या पकडीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसरं उत्तर, "गिऱ्हाईकच किती?" मान्य, थोडंच. पण कॅलिफोर्नियातल्या व्हेंटानासारख्या छोट्या कारखान्यानेही 'एल कॉन्किस्टाडोर दे मोंतान्यास' ही फुल-सस्पेन्शन टँडेम बनवलीच होती. आणि पिव्हट कागदावर थोडा खाली सरकवायला खोडरबर लागतं, कारखाना नाही.

आम्ही शेवटी डॅम्पर उघडून आतल्या शिम्स बदलून घेतल्या. लाथ थांबली. पिव्हट मात्र वेल्डिंगमध्ये बसलाय, तो काही हलत नाही. चढावर मागून शिव्या अजून येतात.