अक्षरं काचेच्या मागं

तुमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या मिक्सरकडे एकदा बघा. बटणाभोवतीचे १, २, ३ हे आकडे अजून दिसतात का? रोज ओला हात लागतो, फडका फिरतो आणि वरून छापलेली शाई हळूहळू निघून जाते.

यावर एक सुंदर उपाय अमेरिकेतल्या एका कंपनीनं वापरला. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी मॅकिंटॉश ही कंपनी महागडे अ‍ॅम्प्लिफायर बनवते. (अ‍ॅपलचा मॅकिंटॉश संगणक वेगळा.) १९६० च्या दशकात तिनं यंत्रांचा दर्शनी भाग काचेचा केला आणि सगळी अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला छापली. बोट काचेला लागतं, शाईला लागतच नाही. काळी काच आणि तिच्यात उजळणारी हिरवी अक्षरं ही या कंपनीची ओळख आजही कायम आहे.

सांगायला सोपं, करायला अवघड. आधी काच मापात कापायची, धारदार कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि बटणांसाठी हिऱ्याची कणी लावलेल्या ड्रिलनं छिद्रं पाडायची. ड्रिलवर पाणी सोडत राहावं लागतं, नाहीतर काच तापून तडकते. काच टफन करायची असेल, तर छिद्रं त्याआधीच पाडावी लागतात. नंतर ड्रिल टेकवलं की क्षणात चुरा!

मग छपाई. लग्नपत्रिका छापतात तेच स्क्रीन प्रिंटिंग, पण आरशातल्यासारखं उलटं. थरांचा क्रमही उलटा. कागदावर आधी रंग, मग त्यावर नक्षी. इथं डोळ्याला जे सर्वांत पुढं दिसायचं, ते सर्वांत आधी छापायचं. आधी काळा थर, त्यात अक्षरांच्या जागा मोकळ्या. त्या जागांवर उजेड आरपार जाईल अशी हिरवी शाई. आणि शेवटी मागं दिवा. तंजावरचे काचेवर चित्रं काढणारे कलाकारही असंच करतात: डोळे, दागिने आधी, पार्श्वभूमी शेवटी.

खरी परीक्षा पहिल्या थराची. त्यात धुळीचा एक कण अडकला, तर तो कायमचा सर्वांत पुढं राहतो. वरून रंग मारून तो झाकताच येत नाही, कारण ‘वरून’ आता काच आहे! काळ्या थरात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं, तरी दिवा लागल्यावर तिथून उजेड गळतो. म्हणून काच उजेडासमोर धरून तपासावी लागते.

तुमच्या हातातल्या मोबाइलच्या पडद्याभोवती काळी किनार असेल, तर तीही काचेच्या आतूनच छापलेली असते. कितीही अंगठा फिरवा, जात नाही.

कुणाकडे काचेच्या दर्शनी भागाचा जुना संच असेल, तर एवढं सांभाळा. समोरून तो खुशाल पुसा. पण दुरुस्तीसाठी उघडलात, तर काचेच्या मागच्या बाजूला काच पुसायचं द्रव लावू नका. इतकी वर्षं सांभाळलेली अक्षरं फडक्याबरोबर निघून येतील.